कॉब्लर आणि धोंडस : वरखाली निखाऱ्यांची पार्श्वभूमी

फळांच्या फोडींवर पिठाचे जाड, ओबडधोबड गोळे टाकून भाजलेला कॉब्लर आज ओव्हनचा पदार्थ समजला जातो. त्याचा जन्म मात्र ओव्हन नसलेल्या घरांत झाला. ब्रिटनमधून उत्तर अमेरिकेत गेलेल्या वसाहतकऱ्यांजवळ मायदेशातील पुडिंगांचे साहित्य नव्हते आणि भट्टीही क्वचितच होती, म्हणून मिळेल ते फळ आणि हाताशी असलेले पीठ बिडाच्या जाड भांड्यात घालून, खाली विस्तव आणि काठाच्या झाकणावर निखारे ठेवून ते भाजत. अशी ओतीव भांडी स्वस्त होण्यामागे इंग्लंडमधील अब्राहम डार्बी याने 1707 मध्ये वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्यासाठी घेतलेले पेटंट होते. 1859 च्या एका अमेरिकी शब्दकोशात कॉब्लर म्हणजे जाड कणकेचे अस्तर दिलेल्या भांड्यात भाजलेला फळांचा पदार्थ, अशी नोंद आहे. वरचा थर आज हलका फुलतो तो बेकिंग पावडरमुळे.

कोकणी वाचकाला यात ओळखीचे काही दिसावे. जून तवसे, म्हणजे मोठी पिकलेली काकडी, किसून, त्यात भाजलेला तांदळाचा रवा, गूळ आणि ओले खोबरे घालून केलेले धोंडस चुलीच्या मंद आचेवर, झाकणावर करवंटीचे निखारे पसरून, याच रीतीने भाजले जाई. दोन्ही रीतींचा परस्परांशी संबंध नाही. वरून उष्णता दिल्याखेरीज जाड थर भाजला जात नाही, ही अडचण तेवढी दोन्हीकडे सारखी होती. फरक धान्याचा आहे. गव्हाच्या पिठातील चिकटपणा फुगणारी वाफ धरून ठेवतो. तांदळाच्या रव्यात तो नसल्यामुळे धोंडस दाट आणि ओलसर राहते.

कॉब्लरसाठी फळ निवडताना त्यात रस किती आहे, हे ध्यानात ठेवावे लागते. घट्ट गराचा हापूस त्याला चालतो, पण रसाळ रायवळ आंबा साखरेबरोबर आधी आटवून, त्यात चमचाभर तांदळाचे पीठ मिसळावे, नाहीतर वरचा थर खालून कच्चाच राहतो. फणस घ्यायचा तर कापा, म्हणजे घट्ट गऱ्यांचा. मऊ, रसाळ गऱ्यांचा बरका सांदणांसाठीच, म्हणजे तांदळाच्या रव्याच्या वाफवलेल्या गोड वड्यांसाठीच राखावा, हे माझे मत. कॉब्लर कडेने रस उकळत असतानाच, थोडा निववून, चमच्याने वाढतात. धोंडस मात्र पुरते निवल्याशिवाय त्याच्या वड्या नीट पडत नाहीत.