चेनसॉचं इंजिन बांधायचं म्हणजे काय, आणि पार्ट कुठले टाकायचे

हे पत्रक आमच्याकडे चेनसॉ दुरुस्तीला टाकणाऱ्या सगळ्यांसाठी आहे, मग तुम्ही आंबा-काजूचे बागायतदार असा नाहीतर लाकूडतोडीची कामं घेणारे. काउंटरवर गर्दी असली की सगळं समजावून सांगता येत नाही, आणि अर्धवट सांगितलं की तुम्हाला वाटतं हे उगाच बिल वाढवतायत, म्हणून एकदा नीट बसून लिहून काढलं. इंजिन बांधणं म्हणजे इंजिन खोलून, गेलेले पार्ट बदलून परत जोडणं.

बहुतेक जण मशीन टेबलावर ठेवता ठेवताच सांगतात, पिस्टन गेलाय, तेवढा बदलून द्या, बाकी कशाला हात लावू नका. आम्हाला खर्च वाचवायची तुमची इच्छा समजते. पण पिस्टन असाच जात नाही, त्याला काहीतरी कारण असतं, आणि ते कारण मशीनमध्ये तसंच ठेवून नवीन पिस्टन टाकला तर तोही जातो, कधीकधी तर पहिल्या दोन टाक्यांतच. म्हणून आम्ही आधी जुना पिस्टन बघतो, त्याच्यावरच्या ओरखड्यांवरून बरंचसं कळतं.

उघडायच्या आधी काय बघतो

पूर्ण मशीन खोलायची गरज नसते. सायलेन्सर काढायचा, स्टार्टरची दोरी हळू ओढत पिस्टन खालीवर करायचा आणि एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मारून बघायचं. पिस्टन गुळगुळीत, चकचकीत आणि रिंग जागेवर मोकळी दिसली तर गडबड बहुतेक कार्बोरेटरमध्ये किंवा प्लगला आहे, इंजिन बांधायची गरजच नाही. उभ्या रेघा दिसल्या तर मग पुढचं काम.

त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर आला की सिलेंडरमध्ये हवेचा किती दाब होतो ते. प्लगच्या जागी गेज लावायचा, एक्सलेटर पूर्ण दाबून काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढायची, साधारण पाच-सहा वेळा. चांगलं इंजिन १४० ते १६० पीएसआय दाखवतं, १२० च्या खाली गेलं की गरम झाल्यावर स्टार्ट व्हायला त्रास देतं, आणि १०० च्या खाली असेल तर तुम्ही दोरी ओढून खांदा दुखवण्यापलीकडे काही होत नाही. एक लक्षात ठेवा, गाडीच्या गॅरेजमधला गेज लांब पाइपचा असतो, छोट्या इंजिनाला तो कमी आकडा दाखवतो कारण पाइपमधली जागाच इंजिनाच्या मानाने मोठी पडते, ज्या गेजचा व्हॉल्व्ह थेट टोकाला असतो तोच इथे चालतो. तर कुणी गाडीच्या गेजवर बघून मशीन भंगारात टाकायला सांगितलं असेल तर आधी आमच्याकडे एकदा तपासून घ्या.

ओरखडे कुठे आहेत

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ गेलं तेव्हाची गोष्ट. घरांवर माड पडलेले, रस्ते बंद, कलमं आडवी, लाइट नाही, आणि ज्याच्याकडे मशीन होतं तो रात्रंदिवस कापत होता. त्या दिवसांत टूटी ऑईल (टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल) मिळेना म्हणून बाईकमधलं पेट्रोल काढून तसंच टाकलेली मशीनं आमच्याकडे आली. त्यातला एक पिस्टन अजून दुकानात दाखवायला ठेवलाय. चारी बाजूंनी सारखे खोल ओरखडे, रिंग खाचेत वितळून बसलेली, नखानं सुद्धा हलत नाही. चारी बाजूंनी सारखं खरवडलं असेल तर तेल पोचलं नाही असं समजायचं.

फक्त सायलेन्सरच्या बाजूला ओरखडे असतील तर गोष्ट वेगळी आहे. ती बाजू सगळ्यात गरम, तिथे मिक्स बारीक झालं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, की तेलाचा थर जळतो आणि पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो. कारणं बरीच, कार्बोरेटरचा स्क्रू जास्त आवळलेला, पेट्रोलचा फिल्टर चोक, डायफ्राम (कार्बोरेटरमधला पातळ पडदा) कडक झालेला, किंवा कुठूनतरी बाहेरची हवा आत जातेय. ही शेवटची भानगड सगळ्यात फसवी. एका बागायतदारांच्या ५८ सीसी मशीनचा पिस्टन दुसरीकडे दोनदा बदलून झाला होता, दोन्ही वेळा महिन्याभरात जाम, तिसऱ्यांदा ते वैतागून आमच्याकडे आले. आम्ही कार्बोरेटर आणि एक्झॉस्टची तोंडं रबर लावून बंद केली, पंपानं अर्धा बार दाबाची हवा भरली, तर काटा डोळ्यादेखत खाली यायला लागला. फ्लायव्हील काढून क्रँकच्या ऑईल सीलवर साबणाचं पाणी सोडलं, आणि सीलच्या ओठापाशी बारीक फेस येत राहिला. एवढ्याशा सीलनं दोन पिस्टन खाल्ले होते. सील पिस्टन-सिलेंडरच्या मानाने अगदीच स्वस्त असतं. तेव्हापासून आम्ही ठरवलंय की ही प्रेशर टेस्ट आणि तशीच व्हॅक्युम टेस्ट (हवा भरायच्या ऐवजी ओढून घेऊन) केल्याशिवाय इंजिन बांधून द्यायचं नाही, तुम्ही नको म्हणालात तरी करणार.

तिसरा प्रकार आपल्याकडे भरपूर, कार्बोरेटरच्या बाजूला पिस्टन घासून मंद, राखाडी झालेला, ओरखडे नाहीत पण रिंग पातळ. ही धूळ आहे. आपली जांभ्याची लाल माती आणि लाकडाचा बारीक भुसा, फाटक्या एअर फिल्टरमधून आत गेला की पॉलिश पेपरसारखं काम करतो. फिल्टर फाटलाय आणि वर फडकं गुंडाळलंय अशी मशीनं येतात, कृपया असं करू नका, फडक्यातून धूळ थांबत नाही.

सिलेंडर वाचतो का

बऱ्याचदा वाचतो. चेनसॉच्या सिलेंडरला आतून कडक प्लेटिंग असतं, निकेलचं नाहीतर क्रोमचं, आणि आपल्याला जे ओरखडे दिसतात ते बरेचदा पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळून भिंतीला चिकटलेलं असतं. ते फरशी धुवायच्या ॲसिडनं निघतं, कापसाच्या बोळ्यानं फक्त डागावर थोडं थोडं लावायचं, फेस आला की पुसायचं, परत लावायचं, शेवटी पाण्यानं धुवून लगेच सुकवून तेल लावायचं. उघड्यावर करायचं, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि घरी करू नका असंच आम्ही सांगू. डाग निघून गेला तरी फेस थांबत नसेल तर समजायचं की प्लेटिंगच उडालंय आणि ॲसिड खालचं ॲल्युमिनियम खातंय, मग तो सिलेंडर गेला. नख फिरवून जिथे अडकतं तिथेही तेच. प्लेटिंगच्या सिलेंडरला बाईकसारखं बोअर मारून, म्हणजे आतून कापून मोठं करून, ओव्हरसाइज पिस्टन टाकता येत नाही, हे खूप जण विचारतात.

ओरिजिनल की लोकल

आमचं मत सरळ आहे, सगळंच ओरिजिनल टाका असं आम्ही म्हणत नाही, पण काही जागी पैसे वाचवू नयेत.

सिलेंडर चांगला असेल तर तोच ठेवून फक्त चांगल्या कंपनीचा पिस्टन आणि रिंग टाकणं हा बहुतेक वेळा सगळ्यात चांगला सौदा, कारण कंपनीच्या जुन्या सिलेंडरचं प्लेटिंग स्वस्त नव्या किटपेक्षा (पिस्टन-सिलेंडरचा जोड) सरस असतं. इटलीच्या मेटेओर कंपनीचा पिस्टन केबर कंपनीच्या रिंगसकट मिळाला तर आम्ही बिनधास्त टाकतो. अगदी स्वस्त किटमध्ये पोर्टच्या (सिलेंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या) कडा धारदार राहिलेल्या असतात, रिंग तिथे अडकून तुटते, काहींत पोर्टपाशी क्रोमचे पापुद्रे असतात. असं किट घ्यायचंच असेल तर आम्ही आधी कडांची धार हातानं घासून मोडून घेतो, त्याची वेगळी मजुरी लागते.

ऑईल सील, क्रँकचं बेअरिंग आणि गजन पिनचे (पिस्टनमधून आडव्या जाणाऱ्या पिनचे) सर्कलिप, म्हणजे पिन जागेवर धरणाऱ्या तारेच्या क्लिपा, यात तडजोड नको. सर्कलिप जुने परत वापरू नका, दिसायला बरे असले तरी. एक सर्कलिप उडाला की तो पिस्टन आणि सिलेंडरच्या मध्ये जातो आणि सगळं नव्यानं घ्यावं लागतं.

एअर फिल्टर, प्लग, पेट्रोल पाइप, स्टार्टरची दोरी, क्लच ड्रम, हे चांगल्या दर्जाचं लोकल चालतं.

मापाचं मात्र नीट बघा. स्टिल (Stihl) कंपनीचं एमएस १७० आणि एमएस १८० बाहेरून सारखंच, पण पहिल्याचा बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) ३७ मिमी, दुसऱ्याचा ३८. चायनीज मशीनमध्ये ५२ सीसी म्हणून जे येतं त्याचा बोअर साधारण ४५ मिमी आणि ५८ म्हणून येतं त्याचा ४५.२, म्हणजे फरक केसाएवढा, डोळ्यांना दिसत नाही आणि पिस्टन आत जातोसुद्धा. आणि कव्हरवरचा स्टिकर खरा असेलच असं नाही. त्यामुळे ऑनलाइन मागवण्याआधी मॉडेल नंबरवर विसंबू नका, जुना पिस्टन घेऊन या, व्हर्नियर लावून माप देऊ, त्याचे पैसे घेत नाही.

स्वतः बांधत असाल तर

पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. रिंगचं तोंड खाचेतल्या पिनवरच बसलं पाहिजे. नवी रिंग आधी नुसतीच सिलेंडरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघा, ०.१ ते ०.३ मिमीच्या आसपास असावी, अजिबात फट नसेल तर गरम झाल्यावर रिंग फुगून धरणार. सर्कलिपचं तोंड वर किंवा खाली ठेवा, आडवं नको. एमएस १७०-१८० मध्ये सिलेंडर आणि खालचा भाग सीलंटनं जोडलेला असतो, गास्केट नसतं, तिथे उष्णता सोसणारं सीलंट पातळ लावा आणि एक दिवस सुकू द्या.

पेट्रोल आणि तेल

चांगलं टूटी ऑईल असेल तर लिटरला २० मिली, म्हणजे ५० ला १. चायनीज मशीनच्या पुस्तकात २५ ला १ लिहिलं असेल तर लिटरला ४० मिली, तेच पाळा. अंदाजानं झाकणानं ओतू नका, मापाची बाटली आम्ही देतो. आता पंपावर जे पेट्रोल मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुने रबरी पाइप, डायफ्राम खराब करतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवेत पाण्याशिवाय असतं काय. म्हणून महिन्याभरात संपेल एवढंच मिक्स करा, आणि जूनमध्ये मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालवून मगच ठेवा.

चेन बोथट ठेवून जोर लावून कापणं हेही इंजिन मारायचंच काम आहे. चिप्सऐवजी पीठ पडायला लागलं की थांबा आणि कानस मारा, ०.३२५ पिचच्या (कड्यांमधल्या अंतराच्या) चेनला ४.८ मिमीची, छोट्या मशीनच्या ३/८ लो-प्रोफाइल चेनला ४ मिमीची.

बांधून झाल्यावर

पहिल्या तीन-चार टाक्या मशीनला जपा. कार्बोरेटर आम्ही थोडा रिचवर, म्हणजे पेट्रोल जरा जास्त जाईल असा, ठेवतो, म्हणून धूर जरा जास्त दिसेल आणि रेस थोडी अडखळल्यासारखी वाटेल, तो दोष नाही, स्क्रूला हात लावू नका. रिकामं मशीन पूर्ण रेसवर नेऊ नका, मोठा बुंधा लगेच घेऊ नका. त्यानंतर परत आणा, सेटिंग करून देतो, ते बिलातच धरलेलं असतं.

पार्ट आणि मजुरी मिळून खर्च नव्या मशीनच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल तर आम्ही काम सुरू करायच्या आधी फोन करून सांगतो. विशेषतः स्वस्त मशीनचा क्रँक गेला असेल तर बांधण्यात अर्थ नाही, त्यातले चालणारे पार्ट काढून ठेवा, पुढे लागतील.

मशीन आणताना बार (ज्यावर चेन फिरते ती पट्टी) आणि चेन लावूनच आणा, आणि ज्या कॅनमध्ये मिक्स करता तो कॅनसुद्धा, आहे तसा, न धुता. आधी कुणी काही बदललं असेल तर काढलेले जुने पार्ट पिशवीत घालून आणा, तुटके असले तरी.