२०० सागरी मैल म्हणजे देशाची हद्द नव्हे

‘किनाऱ्यापासून २०० सागरी मैल समुद्र त्या देशाचाच, परवानगीशिवाय परकं जहाज आलं की घुसखोरी,’ असा संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. यात दोन रेषांची गल्लत होते, आणि ती होणं साहजिक आहे.

सार्वभौम हद्द जास्तीत जास्त १२ मैलांची. तिच्यातूनही परकी जहाजं शांततेनं, न रेंगाळता जाऊ शकतात. पुढे २०० मैलांपर्यंत मासे, तेल, वायू यांवर किनारी देशाचा हक्क; ये-जा मात्र सगळ्यांना खुली. शेजाऱ्यांचे किनारे ४०० मैलांहून जवळ असले की हे पट्टे एकमेकांवर चढतात. मग रेषा आधी बोलणी करून सहमतीनं आखावी, असं सागरी कायद्याचा आंतरराष्ट्रीय करार सांगतो. हे सगळं न सांगणाऱ्या अशा संदेशांनी शेजाऱ्यांबद्दल उगाच राग वाढतो, याचं वाईट वाटतं.

पडताळायला १९८२ च्या सागरी कायदा कराराची कलमं ३, १७, ५६, ५८ आणि ७४ वाचा.