घरात ब्रीड होणारा फायटर आला कुठून

फायटर म्हणजे टँकमध्ये पाळतात तो बेट्टा मासा, त्याची जोडी ब्रीडिंगला लावायची म्हटलं की सगळे तेच सांगतात, पाणी चार-पाच इंचच ठेवा, फिल्टर बंद, बदामाचं पान टाका, वर झाकण घाला, मादी आधी ग्लासात ठेवून नराला नुसती दाखवा आणि अंडी झाली की तिला लगेच बाहेर काढा. मी पण तसंच करत आलो, पण असंच का हे खूप उशिरा कळलं, ते सुद्धा या माशाचा इतिहास वाचायला लागल्यावर.

थायलंडच्या मधल्या भागात चाओ फ्राया नदीचं खोरं आहे, तिथली भातशेती, दलदल, कालव्यांचे कडेकडेचे भाग हे याचं मूळ घर. पाणी उथळ, जवळजवळ थांबलेलं, गवत आणि पानं कुजून चहासारखं झालेलं, आणि त्यात ऑक्सिजन अगदी कमी. म्हणून याच्याकडे कल्ल्यांच्या वर लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो, त्याने तो वर येऊन सरळ हवा घेतो. पण अंड्यांना असं वर येता येत नाही ना, मग नर तोंडातल्या चिकट लाळेत हवा भरून पाण्यावर फेसाचं घरटं करतो, तेच आपलं बबल नेस्ट. आता वरची यादी परत वाचा, आपण टँकमध्ये एक भातखाचरच तयार करत असतो. फिल्टर बंद कारण प्रवाहाने फेस फुटतो, झाकण कारण पिल्लांचा लॅबिरिंथ पहिल्या काही आठवड्यांत तयार होतो आणि तेव्हा पाण्यावरची हवा उबदार आणि दमट लागते.

ज्याने हे जवळून बघितलं नाही त्याने एकदा तरी बघावं. नर मादीभोवती अंग वळवून तिला गच्च मिठी मारतो, दोघं काही सेकंद थिजल्यासारखे होतात, मग रव्याच्या कणासारखी पांढरी अंडी खाली पडायला लागतात, आणि नर भानावर आला की झपकन खाली जाऊन एकेक अंडं तोंडात गोळा करतो आणि वर नेऊन फेसात चिकटवतो, हे असं तासन् तास चालतं. दीड-दोन दिवसांत अंडी फुटतात, पिल्लं शेपटी खाली करून फेसाला लटकलेली असतात, एखादं घसरलं की बाप पुन्हा उचलून जागेवर ठेवतो. साधारण तीन दिवसांनी ती आडवी पोहायला लागली की त्याला काढायचं.

मग एवढा मायाळू बाप मादीला फाडून का टाकतो? इथे माणूस येतो. थाई भाषेत याला प्ला कात म्हणतात, म्हणजे चावणारा मासा, आखूड पंखांच्या फायटरला आपण प्लाकाट म्हणतो ते त्यातूनच आलंय. तिथे लोक शेतातून नर पकडून आणायचे, झुंजी लावायचे, त्यावर पैज लागायची, आणि जो जास्त वेळ टिकला त्याचीच पिल्लं पुढे वाढवली जायची. जंगली फायटर पण भांडतो, पण हरणाऱ्याला पळायला जागा असते, तो निघून जातो आणि विषय संपतो. झुंजीसाठी पिढ्यान् पिढ्या निवडलेला नर थांबत नाही, आणि टँकमध्ये मादीला पळायला जागाच नाही. त्यामुळे ग्लास ही हौस नाही, गरज आहे. जे लोक मादीला थेट सोडतात आणि सकाळी फाटलेले पंख बघतात त्यांना मी नेहमी हेच सांगतो, दोष माशाचा नाही.

हे कधीपासून चाललंय? २०२२ मध्ये याच्या जीनोमवर, म्हणजे सगळ्या जीनच्या संचावर, एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पाळीव आणि जंगली मासे शेजारी ठेवून तपासले, आणि माणसाने याला पाळायला किमान हजारेक वर्षांपूर्वी सुरुवात केली असावी असं निघालं. आपल्याला वाटतं अक्वेरियमचा छंद म्हणजे शे-दीडशे वर्षांचा, पण हा मासा काचेच्या टाक्या यायच्या कितीतरी आधी माणसाच्या हातात होता.

शास्त्रज्ञांना मात्र तो बऱ्याच उशिरा मिळाला. सयामच्या, म्हणजे तेव्हाच्या थायलंडच्या, राजाने १८४० मध्ये आपले काही झुंजीचे मासे एका ओळखीच्या माणसाला दिले, त्याच्याकडून ते थिओडोर कँटर या डॉक्टरांकडे गेले आणि त्यांनी १८४९ मध्ये त्याला मॅक्रोपोडस पुग्नॅक्स म्हटलं. पुग्नॅक्स म्हणजे भांडखोर. पुढे लंडनच्या चार्ल्स टेट रेगन यांच्या लक्षात आलं की पुग्नॅक्स हे नाव वेगळ्याच जातीचं आहे, मग १९१० मध्ये आपल्या फायटरचं नाव बेट्टा स्प्लेंडेन्स झालं. आणि तो जो खरा पुग्नॅक्स, तो फेसाचं घरटं करतच नाही, अंडी तोंडात सांभाळतो.

१८९० च्या दशकात हा मासा युरोपात आणि १९१० मध्ये अमेरिकेत पोचला, आणि तिथून त्याची झुंज मागे पडून रंग आणि शेपटी पुढे आली. १९२७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत फिकट अंगाचे, लाल पंखांचे मासे आले तर ही नवीन जातच आहे असं वाटलं, प्रत्यक्षात तो रंगातला फरक होता, आजही त्याला कंबोडियन म्हणतात. १९३० च्या दशकात रंग पुढच्या पिढीत कसा जातो यावर काम सुरू झालं, आणि ब्रीडरला रोज लागणारी एक गोष्ट त्यातून पक्की झाली, ती म्हणजे रॉयल ब्लू आणि रॉयल ब्लू लावले तर सगळी पिल्लं ब्लू येत नाहीत, साधारण अर्धी ब्लू, पाव हिरवी आणि पाव स्टील ब्लू येतात, पण हिरव्याला स्टील लावला तर सगळी ब्लू. काळ्या मेलानो रंगाचं त्याहून अवघड, त्या माद्या अंडी देतात पण ती फुटत नाहीत, म्हणून तो वंश टिकवायला तो काळा जीन छुपा असलेली दुसऱ्या रंगाची मादी घ्यावी लागते. कितीतरी जण इथे स्वतःच्या पाण्याला दोष देत बसतात.

मार्बल, म्हणजे ठिपक्यांच्या रंगाची, गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या तुरुंगात एक कैदी फायटर ब्रीड करायचा, त्याला काळे मासे हवे होते, आणि त्याच्या पिल्लांमध्ये ठिपके-ठिपके आलेले मासे निघाले. हा रंग जन्मभर बदलत राहतो, पांढरं पिल्लू सहा महिन्यांत निळं होऊ शकतं, यामागे जागा बदलणारा जीन आहे असं मानतात. आज जे कोई बेट्टा म्हणून विकले जातात ते याच रंगातून पुढे आलेत.

शेपट्यांचं थोडक्यात सांगतो. १९६० च्या सुमारास लांब झुपकेदार पंख, त्याच दशकात दोन भागांच्या शेपटीचा डबल टेल, १९६६ मध्ये इंटरनॅशनल बेट्टा काँग्रेस ही बेट्टावाल्यांची संघटना स्थापन झाली आणि शोचे नियम ठरायला लागले, १९८० आणि ९० च्या दशकांत अमेरिकन आणि फ्रेंच ब्रीडरनी मिळून १८० अंश उघडणारा हाफमून पक्का केला, १९९७ च्या आसपास इंडोनेशियातून मुकुटासारख्या टोकदार शेपटीचा क्राउनटेल आला. सुंदर आहेत, पण काही जड शेपटीचे नर घरट्यापर्यंत अंडी नेता नेता दमतात, म्हणून मी स्वतः प्लाकाटच लावतो.

थायलंडने २०१९ मध्ये या माशाला राष्ट्रीय जलचर जाहीर केलं. पण जिथून हे सगळं सुरू झालं तिथल्या ओढ्यांत फार्ममधून सुटलेले रंगीत मासे जंगली माशांशी जोडी करतात, आणि त्यांचे जीन आता काही जंगली माशांमध्ये सापडायला लागलेत. २०१२ मध्ये वेगळी जात म्हणून नोंद झालेला बेट्टा महाचायेन्सिस तर बँकॉकच्या जवळच्या खाजणात, निपा पामच्या पानांच्या बुडाशी साठलेल्या पाण्यात घरटं बांधतो, आणि तीच जागा रोज थोडी थोडी भरावाखाली जातेय.