एकाच उतारावरचे पूर आणि टँकर

कात्रजच्या डोंगरातून पुण्यात उतरणाऱ्या आंबिल ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पूर आला आणि काठच्या वस्त्यांमध्ये जीवितहानी झाली. याच शहराच्या वेशीवर वाढलेल्या अनेक वसाहती उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असतात. या दोन प्रश्नांची चर्चा निरनिराळी होत असली, तरी त्यांचे एक मूळ डोंगरउतारावरच्या बदललेल्या जमिनीत आहे.

पुण्याखालचा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर चढून झालेला बेसॉल्ट. त्याच्या अखंड, घट्ट थरात पाणी जवळजवळ शिरत नाही. ते साठते वरच्या मुरमात, भेगांमध्ये आणि लाव्हा थिजताना वायूच्या बुडबुड्यांनी मागे ठेवलेल्या, एकमेकींशी जोडल्या गेलेल्या पोकळ्यांमध्ये. साहजिकच ही साठवण तुटपुंजी असते आणि पाणी मुरण्याच्या जागाही ठरावीक असतात. त्यांपैकी कित्येक टेकड्यांच्या उतारांवर आणि पायथ्याशी आहेत, म्हणजे नेमक्या तिथे, जिथे नवी बांधकामे चढत गेली. म्हणून किती जमीन बांधली याइतकेच कोणती जमीन बांधली हे महत्त्वाचे ठरते, आणि शहराच्या नियोजनात हा दुसरा प्रश्न फारसा विचारलाच जात नाही.

एक हेक्टर जमिनीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५ लाख लिटर पाणी जमा होते. गवताळ, मातीच्या उतारावर त्यातले काही मुरते, काही रेंगाळत वाहते. छपरे आणि काँक्रीटचे रस्ते मात्र बहुतेक सगळे पाणी थोड्याच वेळात ओढ्याकडे धाडतात, आणि तो ओढा तोवर भिंतींनी अरुंद झालेला किंवा मोऱ्यांमध्ये कोंबलेला असतो. प्रवाहाची उंची वाढते, ती अशी.

पावसाचे पाणी जिरवण्यासाठी सोसायटीच्या आवारात घेतलेला शोषखड्डा घट्ट कातळावर आला, तर नियमाची पूर्तता होते, पाणी मुरत नाही. शिवाय विहिरीची पातळी टिकली म्हणजे पुनर्भरण चांगले, असेही मानता येत नाही. गळक्या जलवाहिन्या आणि झिरपणारे सांडपाणी यांमुळेही मध्यवस्तीतील विहिरी भरलेल्या राहू शकतात. अशा ठिकाणी पातळीसोबत नायट्रेट आणि जिवाणूंची तपासणी केल्यावरच विहिरीत पाऊस किती आणि गटार किती, याचा अंदाज येतो.