गेट रेडी! (अल्बम)

'गेट रेडी!' हा टू अनलिमिटेड या युरोडान्स (युरोपातले वेगवान, सिंथेसायझरप्रधान नृत्यसंगीत) जोडीचा पहिला अल्बम. तो फेब्रुवारी 1992 मध्ये बेल्जियमच्या बाइट रेकॉर्ड्सने काढला. अ‍ॅम्स्टरडॅमचा रॅपर रे स्लेइंगार्ड आणि गायिका अनिता डॉथ हे या जोडीचे चेहरे. संगीताची सगळी सूत्रे मात्र ज्याँ-पॉल द कोस्टर आणि फिल वाइल्ड या दोन बेल्जियन निर्मात्यांच्या हाती होती. 'गेट रेडी फॉर धिस', 'ट्वायलाइट झोन', 'वर्कहॉलिक' आणि 'द मॅजिक फ्रेंड' ही या अल्बममधली चार गाणी सिंगल म्हणून निघाली आणि युरोपभर वाजली. यातल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याची गंमत अशी, की ते जगात सगळ्यात जास्त ऐकले गेले ते जोडीच्या आवाजांशिवाय.

पार्श्वभूमी

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बेल्जियममध्ये 'न्यू बीट' नावाचा संथ, जड ठेक्याचा नृत्यसंगीताचा प्रकार जोरात होता. नव्वदी उजाडेपर्यंत त्याचा वेग वाढला, सिंथेसायझरचे सूर टोकदार झाले आणि त्यातून बेल्जियन टेक्नो आकाराला आले. द कोस्टर आणि वाइल्ड याच वातावरणात तयार झालेले. 1990 मध्ये बिझ निझ या नावाखाली त्यांचे 'डोंट मिस द पार्टी लाइन' ब्रिटनच्या क्रमवारीत पहिल्या दहांत पोहोचले होते. क्लबात काय चालते याचा अंदाज त्यांना आला होता. पण टीव्हीवर दाखवायला आणि मंचावर उभे करायला त्यांच्याकडे कोणी नव्हते.

त्या काळात ही अडचण सोडवायची रूढ वाट म्हणजे आवाज एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा. बेल्जियमच्याच टेक्नोट्रॉनिकने 1989 मध्ये 'पंप अप द जॅम'च्या व्हिडिओत मॉडेल फेलीला ओठ हलवायला लावले होते. गाण्यातला आवाज मात्र 'या किड के' (Ya Kid K) या नावाच्या रॅपरचा होता. इटलीच्या ब्लॅक बॉक्सनेही तेच केले. 1990 मध्ये मिली व्हॅनिली ही जोडी स्वतःच्या गाण्यांत गातच नव्हती हे उघडकीस आले, ग्रॅमी परत घेतला गेला आणि या प्रथेची पुरती शोभा झाली. त्यानंतर लगेच आलेल्या टू अनलिमिटेडमध्ये दिसणारी माणसेच गात होती, ही गोष्ट आज साधी वाटते. तेव्हा ती साधी नव्हती.

जोडी कशी जमली

'गेट रेडी फॉर धिस'चा पहिला अवतार निव्वळ वाद्यांचा होता. त्यावर रॅप घालून पाहावा म्हणून निर्मात्यांनी ध्वनिफीत स्लेइंगार्डकडे दिली. त्याने शब्द लिहिले, स्वतःचा रॅप भरला आणि कोणी सांगितलेले नसताना बाईच्या आवाजाच्या जागी डॉथकडून ओळी गाऊन घेतल्या. निर्मात्यांना रॅपर हवा होता. हाती आली जोडी. दोघांचाही जन्म 1971चा, म्हणजे हे सारे घडले तेव्हा दोघे विशीच्या उंबरठ्यावर होते.

यातून कामाची जी वाटणी ठरली, तीच पुढे युरोडान्सचा साचा म्हणून ओळखली गेली: कडव्यात पुरुषाचा रॅप, ध्रुवपदात बाईचा खुला आवाज आणि दोहोंच्या मध्ये सिंथेसायझरची अशी एक ओळ, जी गाण्याची खरी नायिका असते. हा साचा टू अनलिमिटेडने शोधला असे म्हणता येणार नाही, जर्मनीचा स्नॅप! हा समूह 1990 पासून त्याच वाटेवर होता. पण तो इतका घट्ट आणि ओळखता येईल असा बसवला तो याच अल्बमने.

गाणी

'गेट रेडी फॉर धिस'ची सुरुवात एका पुरुषी हाळीने होते: तयार आहात ना सगळे? हा आवाज स्लेइंगार्डचा नव्हे. अमेरिकन रॅपर द डी.ओ.सी.च्या 1989 मधल्या 'इट्स फंकी इनफ' या गाण्यातून तो उचललेला आहे. त्यापाठोपाठ मिनिटाला सुमारे 125 ठोक्यांच्या गतीने ती प्रसिद्ध ओळ येते. सूर लांबवलेला नाही, तोडून तोडून ठोकलेला. प्रत्येक तुकड्यानंतर एवढीशी मोकळी जागा, आणि त्या जागेत ऐकणाऱ्याचा पाय आपोआप पडतो. पहिल्या दहा सेकंदांत गाण्याला जे सांगायचे ते सांगून झालेले असते. उरलेला वेळ तेच पुन्हा सांगण्यात जातो आणि त्याचा कंटाळा येत नाही, हे वाइल्डचे कसब.

'ट्वायलाइट झोन' अधिक काळोखे आणि बांधणीने अधिक चांगले आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते अल्बममधले सर्वोत्तम तेच. नेदरलँड्समध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेले. 'वर्कहॉलिक'चा वेग मोठा, आशय शीर्षकाइतकाच. 'डिलाइट', 'इटर्नली युअर्स' आणि शब्दांविना असलेले 'पॅसिफिक वॉक' ही गाणी सिंगलांच्या मधली जागा भरतात. चार दमदार सिंगल आणि भोवती भरताड, ही त्या काळच्या बहुतेक नृत्य-अल्बमांची कुंडली इथेही लागू पडते.

ब्रिटनमधली कात्री

ब्रिटनमध्ये ही गाणी संगीत निर्माता पीट वॉटरमनच्या पीडब्ल्यूएल काँटिनेंटल या लेबलने काढली. सिंगलांच्या ब्रिटिश आवृत्त्यांमधून स्लेइंगार्डच्या रॅपचा बराचसा भाग कापला गेला. उरली ती वाद्ये आणि डॉथच्या मोजक्या ओळी. विक्रीच्या दृष्टीने डाव साधला. 'गेट रेडी फॉर धिस' आणि 'ट्वायलाइट झोन' दोन्ही दुसऱ्या क्रमांकापर्यंत, 'वर्कहॉलिक' चौथ्यापर्यंत आणि 'द मॅजिक फ्रेंड' अकराव्यापर्यंत चढले. अल्बम मात्र तिथे 37व्या क्रमांकापलीकडे गेला नाही. लोक सिंगल घेत होते, क्लबात नाचत होते. तासभर बसून ऐकायला हे संगीत घरी न्यावे असे फार जणांना वाटले नाही.

या कात्रीचा एक उलटा परिणाम झाला. आधी कंपनीनेच शब्द काढले, आणि मग गाण्यात शब्दच नाहीत म्हणून जोडीची टिंगल सुरू झाली. काही समीक्षकांनी 'टू अनटॅलेंटेड' असे नाव पाडले. पुढे 1993 मध्ये जोडीचे 'नो लिमिट' हे गाणे आल्यावर 'स्पिटिंग इमेज' या बाहुल्यांच्या विडंबन कार्यक्रमाने त्याचे 'नो लिरिक्स' करून टाकले. विडंबन मार्मिक होते, पण ज्याने शब्द लिहिले होते त्याच्यावर ते अन्याय करणारे होते. युरोपातल्या इतर देशांत, जिथे रॅपसकट गाणी निघाली, तिथल्या श्रोत्यांना हा विनोद तितकासा कळण्याचे कारण नव्हते.

अमेरिका आणि मैदाने

अमेरिकेत सुरुवात मंद होती. 'ट्वायलाइट झोन' बिलबोर्ड हॉट 100 या तिथल्या मुख्य गाण्यांच्या क्रमवारीत 49व्या क्रमांकावर थांबले. 'गेट रेडी फॉर धिस'ला वेळ लागला, आणि त्याचे नशीब रेडिओने नव्हे, बास्केटबॉल आणि आइस हॉकीच्या बंदिस्त मैदानांनी उघडले. टाइमआउट झाला, खेळाडू बाजूला गेले, की प्रेक्षकांना थंड पडू द्यायचे नसते. अशा वेळी पहिल्या सेकंदाला ओळखता येणारे आणि कुठेही तोडता येणारे काहीतरी लागते. निव्वळ वाद्यांची आवृत्ती या कामाला तंतोतंत बसली. नव्वदीच्या मध्यावर हे गाणे हॉट 100 मध्ये 38व्या क्रमांकापर्यंत गेले. 1995 मध्ये मैदानांवर वाजणाऱ्या गाण्यांच्या 'जॉक जॅम्स' या मालिकेच्या पहिल्या संग्रहात ते मुष्टियुद्धाचे निवेदक मायकल बफर यांच्या आरोळीपाठोपाठ आले आणि खेळाच्या संगीतात कायमचे जाऊन बसले. अमेरिकेतल्या कित्येक प्रेक्षकांना ही धून तोंडपाठ आहे. ती कोणाची, हे विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही.

पुढचा प्रवास

दुसरा अल्बम 'नो लिमिट्स' 1993 मध्ये आला आणि ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातले शीर्षकाशी जवळचे 'नो लिमिट' पाच आठवडे अव्वल होते. स्लेइंगार्ड आणि डॉथ 1996 मध्ये बाहेर पडले. टू अनलिमिटेड हे नाव निर्मात्यांकडेच राहिले आणि 1998 मध्ये दोन नव्या गायिका घेऊन ते पुन्हा बाजारात आणले गेले, पण तो प्रयोग फार टिकला नाही. मूळ जोडी 2009 मध्ये पुन्हा एकत्र आली तेव्हा ती 'रे अँड अनिता' या नावाने गात होती. जुने नाव तिला आणखी काही वर्षांनी वापरता आले. डॉथ 2016 मध्ये वेगळी झाली.