थेरपिस्ट आणि आपण: मधली रेषा कधी आखली गेली

घरच्या लग्नाची पत्रिका थेरपिस्टला द्यावी का, दिवाळीचा डबा त्यांनी परत केला तर मनाला लावून घ्यावं का, रात्री अकराला व्हॉट्सॲप केलं तर चालतं का, हे प्रश्न आज सर्रास विचारले जातात. त्यांची लेखी उत्तरं मात्र बरीच अलीकडची आहेत.

मनोविश्लेषण या उपचारपद्धतीच्या जनकाने, सिग्मंड फ्रॉइडने, स्वतःच्या मुलीचंच विश्लेषण केलं होतं. रुग्णाशी शरीरसंबंध अनैतिक आहेत, असं अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिलं गेलं ते १९७७ मध्ये.

आपल्याकडचा खरा वाद १९७३ चा. एका नामवंत भारतीय मानसोपचारतज्ज्ञाने तेव्हा एका लेखात मांडलं की पाश्चात्त्य उपचारपद्धतीत थेरपिस्ट रुग्णापासून राखतो ते अंतर आपल्या रुग्णाला मानवत नाही, त्यामुळे गुरू-शिष्याचं नातं इथे उपचाराचा नमुना ठरू शकतं. त्यांच्या निरीक्षणात तथ्य होतं. आपल्याकडे रुग्ण 'सर', 'ताई' म्हणतच आत येतो, सोबत आई किंवा नवरा असतो आणि 'तुम्हीच सांगा, नोकरी सोडू का?' असं थेट विचारतो. समोरचा गप्प राहिला तर त्याला ते तुसडेपणाचं वाटतं. गुरू सल्ला देतो, जबाबदारी घेतो. पण गुरूविरुद्ध तक्रार करायची कुणाकडे, हा प्रश्न त्या नमुन्यात सुटत नाही, आणि माझ्या मते तिथेच तो कोसळतो. मनातलं सगळं उघडं करून बसलेल्या माणसाला श्रद्धेपेक्षा दाद मागायची सोय जास्त गरजेची असते. तरीही तो लेख पुढे कित्येक वर्षं आधार म्हणून दिला जात राहिला. 'आपल्या संस्कृतीत चालतं' हे वाक्य आजही ऐकू येतं, आणि बहुतेक वेळा ते उपचार देणाऱ्याच्याच सोयीचं असतं.

कायदा आला तो मुख्यतः गोपनीयतेच्या वाटेने. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क दिला. रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे त्याच्या वतीने निर्णयांत मदत करायला नेमलेल्या व्यक्तीला, तिच्या कामापुरती माहिती देता येते. कुणाच्या जिवाला धोका असेल तेव्हाही अपवाद आहे. 'तो आत काय बोलला?' असं दाराशी विचारणाऱ्या आईला मात्र केवळ आई म्हणून ही माहिती मिळवायचा हक्क नाही. भेटवस्तू, उसने पैसे, सोशल मीडियावरची मैत्री यांबद्दल हा कायदा काही बोलत नाही.

मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनी डॉक्टरांना व्हिडिओ, फोन आणि चॅटवरून सल्ला द्यायची मुभा दिली. टाळेबंदीत सत्रं घरातून होऊ लागली, आणि थेरपिस्टचं स्वयंपाकघर, मुलांचे आवाज रुग्णाला दिसू-ऐकू लागले.

समुपदेशकांना नोंदणीच्या कक्षेत आणणारा कायदा २०२१ मध्ये झाला. राज्यांनी त्याची अंमलबजावणी करावी यासाठी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला.