घसादुखी आणि स्ट्रेप्टोकोकस : तपासण्यांमागची पार्श्वभूमी

नागपुरात थंडी पडू लागली, की घसादुखी आणि तापाने बेजार झालेली मुले दवाखान्यांत दिसू लागतात, आणि त्यांतल्या काहींच्या फाइलीत 'एएसओ वाढलेला' असा रिपोर्ट असतो. एएसओ म्हणजे स्ट्रेप्टोकोकस या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे मोजणारी रक्ततपासणी. त्या एका आकड्यावरून घशातील जंतुसंसर्ग ठरवणे का चुकते, हे या तपासण्यांच्या इतिहासातून उलगडते.

१८८४ मध्ये रोझेनबाख यांनी या जंतूला 'स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस' हे नाव दिले. १९०३ मध्ये शॉटमुलर यांनी रक्त मिसळलेल्या आगरवर, म्हणजे जंतू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमावर, हे जंतू वाढवले, तेव्हा काही जंतूंच्या वसाहतींभोवती रक्तपेशी फुटून स्वच्छ वर्तुळे उमटलेली दिसली. कल्चर, म्हणजे नमुन्यातून प्रयोगशाळेत वाढवलेले जंतू, पाहणारी नजर आजही तेच वर्तुळ शोधते. पुढे १९३३ मध्ये रिबेका लान्सफील्ड यांनी जंतूंचे गट पाडले आणि माणसाचा घसा धरणारा मुख्य गट 'ए' ठरला. १९५० मध्ये अमेरिकी सैनिकांवरील अभ्यासातून पेनिसिलिनने ऱ्हुमॅटिक फीव्हर टळतो हे दिसले. हृदयाच्या झडपा निकामी करणाऱ्या या आजारामुळेच साध्या घसादुखीच्या निदानाला एवढे महत्त्व आले.

स्वॅब, म्हणजे काडीने घेतलेला घशाचा नमुना, दोन्ही टॉन्सिलवरून आणि घशाच्या मागच्या भिंतीवरून, जिभेला न लागता, नीट घासून घ्यावा लागतो. मूल उसळले आणि काडी गालाला लागून परत आली, तर पुढची सारी मेहनत वाया जाते. कल्चरला एक ते दोन दिवस लागतात. १९८० च्या दशकात आलेली रॅपिड टेस्ट काही मिनिटांत उत्तर देते. ती पॉझिटिव्ह आली तर सहसा विश्वासार्ह असते, मात्र निगेटिव्ह आली तर मुलांमध्ये कल्चरने खात्री करण्याची शिफारस केली जाते. कोणाची तपासणी करावी, यासाठी १९८१ मध्ये डॉ. रॉबर्ट सेंटर यांनी चार खुणा सुचवल्या: ताप, टॉन्सिलवरील पांढरट थर, मानेतील पुढच्या दुखऱ्या गाठी आणि खोकला नसणे. सर्दी-खोकल्याने नाक गळणाऱ्या मुलाचा स्वॅब घेतला, तर जंतू नुसता घशात वस्तीला असला तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो आणि विषाणूच्या आजारावर प्रतिजैविके सुरू होतात.

एएसओची गोष्ट मुळातच निराळी आहे. १९३२ मध्ये टॉड यांनी शोधलेली ही रक्ततपासणी जंतू नव्हे, तर त्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे मोजते. ती संसर्गानंतर आठवडाभराने वाढू लागतात, तीन ते पाच आठवड्यांत शिखर गाठतात आणि काही महिने टिकतात. म्हणून ही तपासणी कालच दुखू लागलेल्या घशासाठी नव्हे, तर सांधे सुजलेल्या किंवा लघवीतून रक्त जाणाऱ्या मुलाला मागे स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग होऊन गेला होता का, हे पडताळण्यासाठी असते. आणि तिथेही काही आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांमधील चढउतार एका आकड्यापेक्षा अधिक बोलका ठरतो.